गोगलगाईचं रेशीम

फोन एवढासा, मुठीत धरला तर दिसत नाही.
राजारामपुरीत जुन्यातला घेतला, साडेतीन हजाराला,
कोपऱ्याला तडा, तिथं बोट अडतं.
मोठा घेऊन काय करू?
ॲप्रनच्या खिशात बसायला पाहिजे,
व्हर्नियर आणि डब्यातल्या चमच्याशेजारी.

त्यात एक चिनी शब्दकोश आहे.
नेट लागत नाही. बोटानं अक्षर काढायचं,
खाली ओळीनं अंदाज उमटतात,
हे का? की हे? की हे?
नव्या सुनेला पाणवठ्यावर विचारतात तसं,
कुणाची गं तू.
अर्थ येतो इंग्रजीत. तिथून मी ओढून आणतो मराठीत,
दोन गाड्या बदलून माहेरी यावं तसा
जरा चुरगळलेला.

पुण्यात दिलेल्या बहिणीचा नवरा हसतो,
तुमच्या कोल्हापुरात बायकाही 'आलो', 'गेलो' म्हणतात!
या भाषेत क्रियापद बाई-बाप्या बघतच नाही.
इथं तरी मला कोण दुरुस्त करणार नाही.

झालं असं, की उद्यमनगरात आमच्या शॉपला
निंगबोहून लेथ आलं.
पॅनेलच्या दाराला आतून
पेन्सिलीनं पाच अक्षरं, तिरकी, घाईतली.
चौगुले मालक म्हणाले, हिशेब असंल कायतरी.
मुजावरचाचा म्हणाले, शिवी असंल, पगार थकला असंल.
पोरं म्हणाली, सुनंदीचा स्क्रू ढिला झालाय,
जेवणाच्या सुट्टीत काचेवर रांगोळी काढती.

पहिलं अक्षर चार दिवसांत सापडलं, डावा.
वर हात, त्याखाली काम.
म्हणून उजवा काढून बघितला :
वर तोच हात, त्याखाली तोंड.
भाकरी मोडत होतो तेव्हा,
उजव्याच हातानं.
दुसरं म्हणजे कड, बाजू. त्यात फार काही नव्हतं.

तिसऱ्याला महिना गेला.
बोटाला कटिंग ऑईल, काच ओळखच देईना.
रेघेचा क्रम चुकला की शब्दकोश रुसतो,
मी वरून खाली, तो डावीकडून,
पुन्हा पुसायचं. सोमवारच्या सुट्टीला
गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर उभा राहून
किटलीच्या झाकणावर सराव केला ओल्या बोटानं.
म्हशीनं बघितलं. धार काढणाऱ्यानं बघितलं नाही.

तिसरं निघालं : गोगलगाय.
चौथं : रेशीम.
आणि पाचवं, एक झाड, सुरूसारखं, डोंगरातलं.

डाव्या बाजूला गोगलगाय, रेशीम, सुरूचं झाड.
वहीत लिहून ठेवलं.
म्हटलं, कुणाच्या तरी गावाचं वर्णन असेल,
घराच्या डावीकडे काय काय आहे ते.
दोन दिवस मी त्या गावात राहून आलो.

मग अंगठा चुकून खाली सरकला
आणि जोडशब्द उघडला :
गोगलगाय, रेशीम, दोन्ही मिळून स्क्रू.
आपलं मळसूत्र तसं. त्यातही सूतच.
आणि त्या झाडाचा दुसरा अर्थ,
ढिला.

डावीकडचा स्क्रू ढिला.

बाराशेच्या वर गेलं की मशीन कण्हायचं,
शाफ्टवर बारीक लाटा उठायच्या,
चाचांनी पायाचे बोल्ट दोनदा आवळलेले.
मी दाराच्या आत, डावीकडे हात घातला.
पत्र्यामागं, तेलात, एक डोकं हाताला लागलं.
ॲलन की. पाव फेरा. अजून थोडा.

कण्हणं सगळं गेलं नाही, निम्मं गेलं.
पोरं गप्प झाली, तीही निम्मी.

तिकडं कुणाला घाई होती,
गाडी भरत होती, पान्हा जवळ नव्हता, काय माहीत.
बाई की बाप्या, तेही अक्षरावरून कळत नाही.
पण दार बंद करण्याआधी
सांगून ठेवलं होतं, जे कोण उघडेल त्याला.

मी 'घट्ट' शोधला.
त्याच्याही पायाशी सूत निघालं, जरा जुन्या वळणाचं.
त्या ओळीखाली पेन्सिलीनं काढला,
पहिलीतल्या पोरासारखा, थरथरता,
आणि फोन पुसून
खिशात टाकला, चमच्याशेजारी.