बोट लागणे

सक्करदऱ्याच्या चौकात माझं औषधाचं दुकान.
समुद्र इथून दोन्ही बाजूंना
जवळपास सारखाच लांब.
तरी तिसऱ्या खणात उलटीच्या गोळ्या असतात,
चिखलदऱ्याला जाणाऱ्यांसाठी.
घाटात गाडी लागते.

हेडाऊकाका आले. अजनीच्या यार्डात
चौतीस वर्षं रुळांचे सांधे बदलून निवृत्त.
म्हणाले, बोट लागू नये अशी गोळी द्या.
मी म्हटलं, कुठली बोट, अंबाझरीची?
"नाही ना ताई. पोरगी तारकर्लीले बुड्या शिकवते.
म्हणते, बाबा, एकदा तरी खाली या.
खाली म्हणजे
पाण्याच्या खाली."

मी विचारलं, जे विचारावं लागतं:
डोळ्यात दाब आहे? लघवी अडते?
ते पंख्याकडे बघत म्हणाले, थोडी.
मी पट्टी पुन्हा खणात ठेवली.
आधी डॉक्टर, मग समुद्र.

चौथ्या दिवशी चिठ्ठी घेऊन हजर, गोळी वेगळी.
म्हटलं, पहिली इथंच घेऊन बघा, रविवारी, घरी.
झोप येते का, तोंड कोरडं पडतं का.
पाण्याखाली पेंगून चालत नाही.
मग बोट सुटायच्या तासभर आधी.
रिकाम्या पोटी जायचं नाही,
तर्री-पोहे खाऊन तर नाहीच.
कोरडी भाकर, अद्रकाचा तुकडा.
बोटीच्या मधोमध बसा, डिझेलच्या धुरापासून दूर.
मोबाइल खिशात. नजर तिथं
जिथं पाणी संपतं.

"ते कुठं संपते?"

मला काय माहीत.
मी हे सगळं औषधाच्या घडीच्या कागदावरून सांगत होते.

बिलाच्या पाठीवर कान काढून दाखवला:
तीन वेटोळी, आत थेंबभर पाणी.
डोळे म्हणतात, बाकावर बसलोय.
कान म्हणतो, कधीचे निघालो.
दोघांचं पटत नाही, मार खातं पोट.
काका बराच वेळ चित्र बघत राहिले.
"म्हणजे सिग्नल एक देला
अन् सांधा दुसराच."
कागद घडी करून शर्टाच्या खिशात.

अकरा दिवसांनी आले ते काउंटर धरूनच.
"बोट नाही लागली. खालीही गेलो.
पोरीनं हात धरला होता.
एक मासा तोंडासमोर उभा राहून
तपासणीले आलेल्या सायबासारखा पाहत होता.
वर आलो, बोटीत बसलो,
अन् पोरगीच ओकली.
नऊ वर्षं झाली तिले, रोज समुद्रात.
म्हणे, बाबा, तुम्ही खाली होते
तोवर दम धरला होता."

मी पाण्याची बाटली पुढं केली. ते प्यायले नाहीत.

"अन् आता पाहा. फलाटावर पाय ठेवला
तर फलाट हलून राहिला.
खाट हलते, मोरी हलते, देवघरातली समई हलते.
बोट नाही ताई,
मले नागपूर लागलं."

याच्यावर गोळी नाही, मी म्हटलं.
चार-दोन दिवसांत जमीन जागेवर येते,
नाही आली तर पुन्हा डॉक्टर.
चाला. दूरवर बघा.
"दूर कुठं?"
समोर साड्यांच्या दुकानाची पाटी,
त्यावर बँकेची, त्यावर क्लासची.

शेजारच्या निकिताला दुकान बघायला सांगून
त्यांना उमरेड रोडपर्यंत नेलं.
ट्रक लहान होत होत जात होते,
एकेक लाल दिवा,
मग नुसती धूळ.
ते तिकडं बघत उभे, हात माझ्या खांद्यावर,
आणि हात थोडा डावीकडं, थोडा उजवीकडं
जात होता, थांबत होता.

मी विचारलं, खाली आवाज असतो का?
"आपलाच. श्वासाचा.
रात्री यार्डात इंजिन उभं असते ना,
कुठं जायचं नसते
तरी चालू असते. तसा."

मागून निकिताची हाक:
मावशी, खोकल्याचं औषध, लहान मुलाचं,
कुठल्या खणात?