शंभरात तीन

रबराच्या चिकात माती दिसली
की यालाचा व्यापारी भाव पाडायचा.
म्हणून आई रात्री दोनला, कपाळावर दिवा बांधून,
झाडागणिक वाटी पुसायची
ओढणीच्या टोकाने.

आज मी त्याच चिकात
माती घालते आहे. तोलून,
शंभरात तीन.
पापुद्रे सुटेपर्यंत ढवळते,
एकेक इतका पातळ
की केस त्याच्यापुढे ओंडका.

वाळलेली पट्टी यंत्राने धरली.
नुसत्या चिकाची एव्हाना तुटली असती.
ही ताणली,
आणखी ताणली,
आकडा चढतच राहिला.

फोनवर सांगितलं.
पलीकडे कोंबडे, अजान,
आई बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "रुसनी,
त्याला कळू देऊ नकोस.
मातीचाही भाव पाडेल."