अस्मानी-सुलतानी

कलम चौदा मीच लिहिलं होतं, ऑगस्टमध्ये,
पंख्याने उडणाऱ्या कागदांवर कॉफीचा मग ठेवून:
भूकंप, युद्ध, महापूर, साथ, संप, सरकारी हुकूम,
आणि उभय पक्षांच्या आवाक्याबाहेरचं
असं जे जे काही.

बर्फ मुद्दाम वगळला.
ठेकाच बर्फ उपसण्याचा.
स्वयंपाक्याने भूक लागलीय लोकांना, म्हणून आलो नाही
असं म्हटलं तर कसं चालेल?
वकिलाने समासात बरोबरची खूण केली.

आपल्या जुन्या कागदांत एका जोडशब्दावर भागायचं.
वरून कोसळलं ते अस्मानी,
दरबारातून सुटलं ते सुलतानी.
इथे त्याला दीड पान लागलं,
तेही ताशी तीनशे डॉलरने.

मग नोव्हेंबरात, एका गुरुवारी रात्री
ईरी सरोवर आपली जागा सोडून उठलं
आणि चिक्टोवागावर येऊन बसलं.
साडेपाच फूट.
आमच्या वृद्धाश्रमाची पाटी बुडाली,
मग पाटीवरचा दिवा,
मग दिवा होता कुठे तेही आठवेना.

फोनवर निरोप होता, रात्री दोन अकराचा:
"मिसेस टिप्निस, रे वोइतोविच बोलतोय.
काउंटीने गाड्यांना बंदी केलीय.
मला अर्ध्या वाटेवरून घरी पाठवलं, ट्रक तिथेच आहे.
चोवीस तासांत कळवायचं असं कागदात आहे,
म्हणून कळवतोय."
त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोलत नाही,
दूर कुठेतरी कुत्रं भुंकतं.
"सॉरी हं."

सोमवारी डायरेक्टर प्रुइटबाई टेबलाशी उभ्या:
बर्फ पडला म्हणून बर्फवाला येत नाही?
तीन दिवसांचे पैसे कापा.

मी कलम उघडलं. स्वतःचंच अक्षर
परक्याच्या घरात शिरावं तसं वाचलं.
बर्फ ही सबब नाही, बाई म्हणतात ते खरं.
पण बंदी ही सबब आहे.
अस्मानीने नाही, सुलतानीने सुटतो हा माणूस.
सूचना वेळेत. पुरावा: माझाच फोन.
राहिलं शेवटचं वाक्य,
जे मी कुठल्याशा नमुन्यातून उतरवलं होतं
आणि कधी नीट वाचलंच नव्हतं:
'तथापि, शक्य तेवढं नुकसान टाळण्याचा प्रयत्न
ठेकेदाराने करावा.'

केला का? कागदावर काहीच नाही.

दुपारी रात्रपाळीची नर्स याहाइरा सही करायला आली,
चार दिवसांच्या चार पाळ्या, डोळे सुजलेले.
सहज म्हणाली, शनिवारी पहाटे एक म्हातारा आला चालत,
कमरेइतक्या बर्फातून, खांद्यावर फावडं.
ऑक्सिजनची नळकांडी येतात ते मागचं दार
त्याने मोकळं केलं,
दारापासून नळखांबापर्यंत एक माणूस जाईल एवढी वाट.
दोन तास लागले.
सूप दिलं, ते उभ्याउभ्याच अर्धं प्यायला.
नाव विचारलं तर म्हणाला,
आज मी कामावर नाहीये.

त्याचं बिल आलंय.
शुक्रवार, शनिवार, रविवार: शून्य, शून्य, शून्य.
शून्यं व्यवस्थित गोल काढलेली,
शाळेत छडी खाऊन शिकल्यासारखी.

प्रुइटबाईंना दोन ओळी लिहून पाठवल्या.
कापायला काही नाही, त्यानेच कापलंय.
पुढच्या वर्षीच्या मसुद्यात
शनिवारच्या पहाटेसाठी एक पोटकलम घालायला बसले.
'ठेकेदार पायी' इथपर्यंत लिहिलं. खोडलं.
ते बंधनकारक केलं
तर पुन्हा कुणी येणार नाही चालत.

आता संगणक विचारतोय, रक्कम कशापोटी?
यादीत ट्रक आहे, मीठ आहे, डिझेल आहे, जादा फेरी आहे.
फावडं नाही.
दोन तास भरले,
आणि सगळ्यात खाली जाऊन
'इतर' वर टिचकी मारली.