तापाचा तक्ता

सामिया इद्रीस, फ्लॅट सहाशे चार, अजमान.
रात्रपाळीची नर्स.
परवापासून दर चार तासांनी मला एक आकडा पाठवते.
सकाळी आठ : ३३
दुपारी बारा : ३६.५
चार वाजता : ३८
शब्द एकही नाही.
वॉर्डात खाटेच्या पायाशी लटकवतात तसा
आमच्याच हॉलचा तापाचा तक्ता.

आणि आम्ही दोघं इथे शारजात,
दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या एसीखाली,
पायांवर पांघरूण घेऊन
हिशेब करत बसलोय.

मुकुंदने वहीत मधोमध रेघ मारली.
डावीकडे : कॉम्प्रेसर बदलून, चौदाशे दिरहॅम,
हमी तीन महिन्यांची.
उजवीकडे : अख्खं नवं युनिट, सहा हजार आठशे,
गच्चीवर चढवायला क्रेन, तिचे वेगळे.
भाडं वर्षाचं अठ्ठावीस हजार, चार चेकांत.
त्यातून बँक, त्यातून सर्व्हिस चार्ज,
खाली जे राहतं त्याला तो नफा म्हणतो.
मी म्हणत नाही.
"नाकापेक्षा मोती जड," तो म्हणाला.
मग जरा वेळाने, "करारात काय लिहिलंय?"

करारात लिहिलंय, पाचशेपर्यंतची दुरुस्ती भाडेकरूची.
कलम नववं. टाइप मीच केलेलं.
पाचशेच्या वर काय, ते लिहिलंच नाही,
तसं काही होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

गुलजमान मेकॅनिक फोनवर म्हणाला,
गॅस भरून देतो. चारशे ऐंशी.
दहा दिवस ओढेल.
बिल पाचशेच्या आत.
हे त्याने आम्हाला मदत म्हणून सांगितलं.
चारशे ऐंशी हा आकडा
त्या रात्री आमच्या दोघांच्या मध्ये झोपला.

मुकुंद वाईट माणूस नाही.
तो फक्त बेरीज दोनदा करतो.

आमचा एसी गेला होता त्या जुलैत
मी सात महिन्यांची होते.
नातूर रोज दारात उभा राहून म्हणायचा, बुक्रा. उद्या.
मी फरशीवर ओला टॉवेल अंथरायचे
आणि पडल्या पडल्या मराठीतून
मालकाच्या सात पिढ्यांची उतरंड रचायचे,
एक अक्षर कळणार नाही त्याला, या भरवशावर.
सामिया अरबीतून काय म्हणत असेल?
मला अरबीतले आकडे तेवढे येतात.

रात्रभर ती लोकांचे ताप उतरवते
आणि सकाळी उशी घेऊन बाथरूममध्ये निजते,
तिथली फरशी जरा गार.
हे तिने नाही सांगितलं, तिकडच्या नातूरने सांगितलं.
घोंगडं भिजत ठेवावं म्हटलं
तर ते तिच्या घामात.

"ती गेली तर?" मी विचारलं.
रिकामा महिना तेवीसशे तेहतीस,
एजंट, रंग, नवी कुलपं.
तिसऱ्या रकान्याला पानावर जागा नव्हती,
मुकुंदने समासात लिहिलं, बारीक अक्षरात,
मग वही फिरवून माझ्याकडे सरकवली.
दयेचा रकाना नव्हताच. हा होता.
याने काम झालं.

सोमवारी क्रेन आली.
क्रेडिट कार्डावर, बारा हप्ते.
जुन्या युनिटच्या पोटातून कबुतराचं घरटं निघालं,
वायरींचं, ज्यूसच्या नळ्यांचं.
गुलजमान म्हणाला, भंगार मी नेतो.
मुकुंद म्हणाला, तांबं आमचं.
एकशे नव्वद आले त्याचे.

रात्री आठ : २४
आणि पहिल्यांदाच शब्द :
मॅडम, नॉर्मल.

मुकुंद वही मिटता मिटता म्हणाला,
"मार्चमध्ये पाच टक्के वाढवू."
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.
तिचे आकडे अजून फोनमध्ये आहेत,
३३, ३६.५, ३८,
एका बोटाने पुसता येतील.
राहू दिलेत.
मार्चमध्ये लागतील,
तिच्या बाजूने की आमच्या,
ठाऊक नाही.