थेंब

आमच्या स्वयंपाकघरातला नळ
अकरा वर्षं गळत होता.
इसा प्लंबर.
दिव्याखाली अंधार, आणखी काय.

इसा म्हणजे बाप. फिनलंडहून आलेल्या
आजी-आजोबांच्या सामानातला
तेवढाच एक शब्द शिल्लक होता घरात,
तो आणि मागच्या अंगणातली सौना.

सुपीरियर सरोवराच्या काठी, जिथे जानेवारीत
दोरीवरचा शर्ट दारासारखा ताठ उभा राहतो,
तिथल्या निम्म्या तळघरांत अजून
आर्विड लेहतोलाच्या हातचे सांधे आहेत:
तांब्याला तांबं, आणि भोवती
डाखाची नखाएवढी चकचकीत कडा.
एक थेंब नाही.
व्हॅनवर नाव रंगवून घेतलं नाही त्यानं.
ज्यांचं पाणी अडलंय त्यांना माहीत असतं, म्हणायचा.

रात्री दोनला फोन. जिन्यात बूट.
टॉर्च तो दातांत धरायचा, हात मोकळे हवेत म्हणून;
काळ्या रबरावर त्याच्या दातांची रांग अजून आहे,
एका जागी फट, जिथला दात
हॉकी खेळताना गेला, माझ्या जन्माच्या आधी.

मी सहा वर्षांची असताना तळघरात नेऊन
लाल चाक दाखवलं.
"घर बुडायला लागलं तर आधी हे फिरवायचं.
रडायचं नंतर."
आईचा फोन आला त्या पहाटे
मला तेच आठवलं, आणि मी फिरवायला
काहीतरी शोधत राहिले
दुसऱ्या शहरातल्या माझ्या ओट्याखाली.

शाळेच्या कार्यक्रमांत तो शेवटच्या भिंतीला टेकून उभा,
खुर्च्या रिकाम्या असल्या तरी.
पँटला गटाराचा वास येतो, म्हणायचा.
आम्हाला कधी आला नाही.
किंवा आम्हाला वाटायचं, बापांना असाच वास येतो.

त्याची वही सापडली. पेन्सिलीनं लिहिलेल्या रकमा,
आणि काही ओळींत रकमेच्या जागी:
ट्राउट दोन.
वेलचीचा पाव.
सवडीनं.
मिसेस कोस्केलाच्या पानावर नऊ हिवाळे एकच,
राहू दे, राहू दे, राहू दे,
पुढे तर शब्दही नाही, नुसती खूण, वरच्यासारखंच अशी.

ज्या वर्षी आईचा खांदा मोडला
त्या वर्षी रोज रात्री तो तिचे केस धुवायचा, त्याच नळाखाली,
पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघत.
वेणी मात्र जमली नाही कधी. दोरखंडच व्हायचा तिचा.

चर्चमध्ये पाद्री बोलत असताना
रेडिएटरनं तीन ठोके दिले,
आणि मागच्या रांगांतल्या म्हाताऱ्या फिटरांनी
एकदम माना वळवल्या.
हवा अडकलीये, कुणीतरी पुटपुटलं.
आई हसली. मग थांबेचना तिचं हसणं.

रेनो घरी आला तो खिशात वॉशर घेऊनच.
तीस सेंटचा. पाना काढला, बाह्या वर केल्या.
आईनं नळावर हात ठेवला.
"थंडीच्या रात्री तो सगळ्यांना सांगायचा,
धार थोडी चालू ठेवा,
वाहतं पाणी गोठत नाही."
"म्हणजे मुद्दाम ठेवला होता असा?"
"छे," आई म्हणाली. "निव्वळ आळस.
पण राहू दे."

त्या रात्री पारा उणे एकतीसवर.
मी उठले, नळाखाली स्पंज ठेवला,
तो ठेवायचा तसा, आईची झोप मोडू नये म्हणून,
आणि येऊन पडले.
थोड्या वेळानं पॅसेजमध्ये तिच्या सपाता.
काहीतरी ओलं उचलून बाजूला ठेवल्याचा आवाज.
मग टप्.