पालथा घडा

मार्च संपत आला तरी हॉर्निंगला
नळाचं पाणी हाडाला लागतं.
नणदेला फोनवर म्हटलं, बोटीला बुरशी आलीय.
तिला ऐकू आलं, बोटाला.
हळद लाव म्हणाली, आणि ओलं ठेवू नकोस.
दुसरा सल्ला बरोबर होता.

अख्खा हिवाळा हे कापड
बोटीवर पाठ वाकवून पावसात उभं होतं.
उत्तरेच्या अंगाला हिरवं, शिवणींतून काळं,
माथ्यावर कबुतरांच्या सह्या,
खिडकीच्या प्लास्टिकला मोतीबिंदू.

धक्क्यावर पसरते. आधी कोरडा ब्रश:
वाळलेलं शेवाळ पिठासारखं उडतं, नाकात जातं.
मग गार पाणी, मऊ ब्रश,
अंगाच्या साबणाचा जेमतेम फेस,
आणि हात असा, जसा तापातल्या पोराच्या पाठीवरून.
घासायचं नाही.
हे लिहायला सोपं आहे.

कारण मागच्या वर्षी मी शहाणी होते.
नॉर्विचच्या हॉस्पिटलात, लॉन्ड्रीच्या तळघरात तीस वर्षं.
रक्त, आयोडीन, कुणाच्या तरी शेवटच्या चहाचा डाग.
मला कुणी धुणं शिकवायचं?
कढत पाणी घेतलं, पावडर घेतली,
दात-ओठ खाऊन घासलं.
कापड असं निळं निघालं की शिरीषने फोटो काढून
सगळ्या नातेवाइकांना पाठवला.
रात्री पाऊस आला. आत
गाद्या भिजल्या, नदीचा नकाशा भिजला,
आणि झाकण नीट न लावलेला पोह्यांचा डबा.

फार स्वच्छ केलंस, एवढंच म्हणाला एडी लार्टर.
बोट त्याची होती. कव्हर त्याच्याच हातचं.
एक्याऐंशी वर्षांचा, शेडच्या दारात खुर्ची टाकून बसतो
आणि माझ्या ब्रशकडे बघतो.

भूमितीच्या पेठेबाई
फळ्यासमोर उभं करून म्हणायच्या,
हिला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.
सटाण्याच्या शाळेत मी त्यावर रडले होते.
आता साठी ओलांडून, परक्या नदीच्या काठावर गुडघे टेकून
एका कापडाला तेच शिकवतेय:
पालथा हो, बाबा.
कुणी कितीही ओतो, आत घेऊ नकोस.

ऊन आधी दोरा खातं, कापड नंतर.
शिवणीवरून नख फिरवलं तर वीतभर उसवली,
आवाजसुद्धा न करता.
एडी उठला. सुई मेणाच्या दोऱ्यासकट आणली,
नाकाजवळ धरली, लांब धरली, मग माझ्याकडे दिली.
मी ओवली. टाके त्याने घातले,
जुन्याच भोकांतून, एकही नवं न पाडता.
झिपच्या दातांवरून मी मेणबत्तीचा तुकडा फिरवत राहिले.
बदकं आली, पाव नाही बघून गेली.

दोन दिवस वाळवलं. म्हणजे
दोन दिवसांत मिळून असेल तीन तास ऊन.
मग डब्यातलं औषध, रुंद ब्रशने, एकदा आडवं, एकदा उभं.
शिरीष म्हणाला, भिंतीला चुना देतेस तसं देतेयस.
पुन्हा वाळवलं. पुन्हा बोटीवर चढवलं,
बटणं एकेक करून टक टक बसवली,
शेवटचं नेहमीसारखं अंगठ्याचा जीव घेऊन.

आता मगभर पाणी.
ओतलं, आणि ते फुटलं. गोळ्या गोळ्या होऊन
उतारावरून पळालं, एकमेकांत शिरत, नदीकडे.
अळवावरचं पाणी! मी ओरडले, मराठीतच.
एडीला अळू काय सांगणार?
त्याच्या वाफ्यातलं कोबीचं पान दाखवलं, वर थेंब टाकला.
त्याने मान हलवली. त्याला माहीत होतंच.

दुसरा मग शिरीषच्या हातात देऊन मी आत शिरले.
कापडाखाली निळा उजेड, ओल्या लाकडाचा वास.
वरून पाणी पडल्याचा आवाज, आत काही नाही.
काही नाही.
मग डाव्या कोपऱ्यात, जिथे सगळ्या शिवणी भेटतात,
टप्.

गळतंय का, बाहेरून एडी.
आमटीचं पातेलं खाली सरकवते.
थोडंसं, म्हणते,
आणि दोऱ्याचं टोक ओठांत धरून
सुई शोधायला लागते.