कच्ची कात

चैत्र अर्धा सरला की पेडण्याचा सडा
वाळवंटाशी नातं सांगू लागतो.
गवताची राख, काळे पापुद्रे,
आणि दुपारी दोनला चिऱ्यावर हात ठेवला
तर कातडी तिथंच राहील असा ताव.

मी खाणीवर चिरे मोजतो. शेकड्याला एक रेघ.
शर्वाणी मॅडम अवसेच्या रात्री आल्या,
(चांदण्यात ते फारसे बाहेर पडत नाहीत म्हणे)
हातात जांभळ्या उजेडाचा टॉर्च.
वाऱ्यावर काजूच्या बोंडांचा आंबूस वास.

टॉर्च लावला आणि खाणीची भिंत
निळ्याहिरव्या ठिपक्यांनी भरून गेली.
बारा वर्षं मी या भिंतीला पाठ लावून जेवतोय.

"हलू नका. तो पायांनी ऐकतो.
झुरळ चाललं तरी जमीन त्याला कळवते.
पोटाखाली दोन फण्या, त्यांनी वाट चाखतो.
भक्ष्य आधी बाहेरच विरघळवतो, मग पितो,
आणि तेवढ्यावर महिने काढतो."
नांगीचं त्यांनी शेवटी सांगितलं.
आम्ही मघापासून तेवढंच विचारत होतो.

कपारीत एक मादी. अंग सगळं उजळलेलं,
पाठ तेवढी विझलेली.
"पिल्लं आहेत. कात कच्ची आहे अजून,
कच्ची कात या उजेडात पेटत नाही."
साधा टॉर्च लावला:
लालसर पाठीवर भाताची शितं,
तीसएक, हलणारी.

"विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," मी म्हणालो.
वही लिहिणाऱ्याला म्हण सुचतेच.
"आठदहा दिवस. पहिली कात टाकली की उतरतात.
रेंगाळलं एखादं, तर ती खातेसुद्धा."
म्हण इतक्या पुढं गेलेली नव्हती.

हणमव्वा आतापर्यंत गप्प होती.
बागलकोटची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर चिरा.
थोरला चौदाव्या वर्षी मडगावला
हॉटेलात लागला, त्याला तीन शिमगे झाले.
"उतरल्यावर कुठं जातात?"
"लांब नाही जात. असतात इथंच, एखाद्या दगडाखाली."
"मग बरं आहे तिचं," हणमव्वा म्हणाली.

सकाळी पातं फिरायच्या आधी
ती कपार मी शोधली. उजेडात सगळ्या सारख्या.
साडेचारशे चिरे भरले, एक ट्रक म्हापशाला,
एक कुणाच्या तरी कुंपणाला.

उचलण्याआधी प्रत्येक चिऱ्यावर हणमव्वा
बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करत होती.
मुकादम ओरडला.
"पायांनी ऐकतात म्हणे," ती म्हणाली,
आणि पुढच्या चिऱ्याशी वाकली.
टकटक.